तांदळाच्या रंगाचा वाडगा

मला भांड्यांतलं फारसं कळत नाही, पण भट्टीतलं कळतं. आणि हे मी उगीच मोठेपणा म्हणून सांगत नाही. एडमंटनच्या बाहेर तेलाच्या विहिरींसाठी पोलादी पाइप बनतात. ते पाइप लालबुंद तापवून ठरल्या वेगाने थंड करणाऱ्या भट्ट्यांपाशी माझी सगळी नोकरी झाली. पुण्याला मेटलर्जीच्या वर्गात मी एकटी मुलगी होते आणि इथे रुजू झाले तेव्हा शॉप फ्लोअरवर बायकांसाठी वॉशरूमसुद्धा नव्हती. पुढे ती झाली, आणि बाकीचंही बरंच काही माझ्या म्हणण्याप्रमाणे झालं. ज्वाळेचा नुसता रंग पाहून भट्टीत हवा जास्त आहे की कमी, ते मी आजही सांगू शकते. घरातला स्वयंपाक मात्र नवरा करतो. तो दातांचा डॉक्टर. रिटायर झाल्यावर त्याने पक्कड खाली ठेवली आणि झारा हातात घेतला.

आमच्या शेजारी एक जपानी बाई राहत. माझ्याहून थोड्या मोठ्या, चणीने बारीक, मानेने ताठ. त्यांचे यजमान इथल्या युनिव्हर्सिटीत शिकवायला आले होते, इथेच वारले. बाई मातीची भांडी करत. मागच्या गल्लीला लागून असलेल्या गॅरेजात त्यांनी गाडीऐवजी गॅसवर चालणारी भट्टी ठेवली होती. शेजार जुना, पण तो हाय-बायच्या आणि थंडीच्या गप्पांच्या पुढे कधी सरकला नव्हता.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात बाईंचं मनगट दुखावलं. नवरा आपल्या दारापुढच्या वॉकवरचं बर्फ शोव्हलने उपसता उपसता त्यांचंही उपसून आला. त्यात विशेष काही नाही, इथे सगळेच करतात. पण दुसऱ्या दिवशी बाई दारात उभ्या. हातात एक वाडगा आणि वाडग्यात संत्री, ख्रिसमसच्या सुमाराला ग्रोसरीत पेट्यांनी येतात ती छोटी, हातानेच सुटणारी.

नवऱ्याने संत्री पाहिली, मी वाडगा पाहिला. आकार सुरेख होता, पण रंग पिवळट, पेजेसारखा. वर केसाएवढ्या बारीक भेगांची जाळी.

"ऑक्सिडेशन," दार लावल्याबरोबर मी म्हटलं. "भट्टीत हवा गेलीय. भांडं फसलंय."

"अगं, संत्री बघ आधी," नवरा म्हणाला. तो सोलायला बसलासुद्धा होता.

माझ्या सासूबाईंचा एक नियम होता, की शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. सासूबाई कधीच गेल्या, पण त्यांचा लेक या एका बाबतीत फार कर्मठ आहे. त्याने बेसनाचे लाडू वळले आणि वाडगा भरून नेऊन दिला. चार दिवसांनी वाडगा परत आमच्या दारात, आत मुळ्याचं जपानी लोणचं. मग आमच्याकडून शंकरपाळे. मग त्यांच्याकडून गोड घेवड्याचा काहीतरी पदार्थ, तो नवऱ्याने पुरणाचा लांबचा नातेवाईक ठरवून संपवला. कधी कधी वाडगा आमच्याकडे आठ-पंधरा दिवस राही. त्याच्यात दही फार छान लागतं, असा नवऱ्याला शोध लागला होता. एकदा त्याने त्यात कढी वाढली. हळद त्या बारीक भेगांत शिरली आणि कितीही घासलं तरी निघेना. मी म्हटलं, आधीच फसलेलं भांडं, आता आणखी काय बिघडणार आहे?

जानेवारीत एका दुपारी मी गल्लीत गार्बेज टाकायला गेले, तर बाईंच्या गॅरेजातून ठक्‌ ठक्‌ आवाज. दार उघडं होतं. बाई एका ओंडक्यावर एकेक वाडगा ठेवत होत्या आणि हातोडीने फोडत होत्या. रागाने नव्हे. भाजी चिरावी तशा शांतपणे. बर्फावर पिवळट खापऱ्यांचा ढीग पडला होता. सगळ्या आमच्या वाडग्याच्याच रंगाच्या.

मी विचारलं, "का फोडता?"

त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि मला आत घेतलं. एका लाकडी डबीत, कापसावर, शंकरपाळ्याएवढा एक तुकडा होता. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. कच्च्या आवळ्याचा असतो तसा हिरवा, पण त्यात निळ्याची झाक, आणि इतका खोल की बोट आत बुडेल असं वाटावं. आठ-नऊशे वर्षांपूर्वी चीनमध्ये घडलेल्या एका वाडग्याचा तुकडा. सेलाडॉन म्हणतात त्या भांड्यांचा. तो त्यांना त्यांच्या गुरूंनी दिला होता. जपानमध्ये आजही असे कुंभार आहेत जे आयुष्यभर त्या जुन्या चिनी झिलईच्या मागे असतात. नक्कल करायची म्हणून नाही, तर तिथवर पोहोचून पुढे आपलं काय निघतं ते पाहायला. बाई त्यांच्यापैकी. उन्हाळ्यात त्यांची भांडी हिरवी येत, पण मळकट. हिवाळ्यात सरळ पिवळी.

"बर्फ वितळलं की मी मुलीकडे जाणार," त्या म्हणाल्या. "टोरांटोला, नॉर्थ यॉर्कच्या एका काँडोत. घर विकलं गेलंय. तिथे भट्टी नाही. जायच्या आधी एकदा, एकच भांडं या तुकड्यासारखं निघायला हवं."

एवढं बोलून त्या चहा करायला वळल्या. मी भट्टीकडे वळले.

खरं सांगायचं तर मला तेव्हा बाईंची दया वगैरे आली नाही. मला भट्टी दिसली आणि हात शिवशिवले. रिटायर झाल्यापासून कुणी मला भट्टी दाखवली नव्हती. लोखंडी चौकटीत बसवलेल्या विटा, दाराच्या जागी एकावर एक रचलेल्या सुट्या विटा, मागे धुराडं, धुराड्यात ओढ कमी-जास्त करायची सरकती फरशी, म्हणजे डँपर. त्या झिलईत लोखंडाचा अगदी थोडा अंश असतो. भट्टीत हवा भरपूर असली की तो पिवळा पडतो. हवा तोडली, ज्वाळेला प्राणवायूसाठी तळमळत ठेवलं, की ज्वाळा तो झिलईतूनच ओढून घेते आणि हिरवा रंग येतो. यात गूढ काही नाही.

"तुमचा डँपर फार उघडा आहे," मी म्हटलं.

"माझे गुरू इतकाच ठेवत."

"तुमच्या गुरूंनी एडमंटन पाहिलं नव्हतं. बाहेर उणे तीस असताना धुराडं वेड्यासारखं ओढतं. जितकं ओढतं तितकी हवा आत येते."

बाईंनी माझ्यापुढे चहाचा पेला ठेवला आणि डँपर होता तेवढाच आहे ना, ते जाऊन पाहिलं. त्या पाहण्यातही मत होतं. मला ते कळलं आणि मी दुर्लक्ष केलं.

घरी नवरा म्हणाला, "तू नेहमीप्रमाणे उंटावरून शेळ्या हाकून आलीस ना?"

दुसऱ्या दिवशी मी उंटावरून उतरले आणि जुनं जाकीट घालून गॅरेजात गेले. बाईंनी मला हातमोजे दिले. पुढचे काही आठवडे आम्ही दोघी त्या भट्टीवरून भांडलो. भांडण म्हणजे त्या एक वाक्य बोलायच्या आणि मी दहा. त्या डँपर अर्ध्या बोटाने उघडायच्या, त्यांची पाठ वळली की मी अर्ध्या बोटाने लावायची. एकदा त्यांनी त्यावर खडूने रेघ मारून ठेवली. एकदा भांडी भाजली, ती पुन्हा पिवळीच निघाली. डँपर मी म्हणेन तितका लावूनसुद्धा. हवा कुठून तरी दुसरीकडून येत होती.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही पुन्हा भट्टी लावली. सकाळी मी गेले तेव्हा बाईंनी भट्टीच्या माथ्यावर मिठाची छोटी रास आणि वाटीभर साके, म्हणजे तांदळाची दारू, नैवेद्यासारखी ठेवली होती. मी देवघरातून उदबत्ती आणली होती. ती पेटवली, तशी बाईंनी माझ्या शेजारी उभं राहून हात जोडले आणि मान लववली. मला क्षणभर काय करावं कळेना. मी पूजा करत नव्हते. पण त्या इतक्या मनापासून उभ्या होत्या की मीही हात जोडले.

मग मी गुडघ्यावर बसले आणि उदबत्ती दाराच्या विटांवरून हळूहळू फिरवायला लागले. धूर सरळ वर जात होता, आणि एका सांध्यापाशी आला की सुतासारखा आत ओढला जात होता. खाली एका कोपऱ्यात पुन्हा तेच. बाई माझ्या खांद्यावरून पाहत होत्या.

"पूजा झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली. इथून, इथून आणि त्या खालच्या कोपऱ्यातून हवा जातेय."

बाई उठल्या, माती आणि वाळू कालवून आणली आणि प्रत्येक सांधा स्वतःच्या बोटाने लिंपला. मी धुराड्याच्या बुडाशी एक वीट मोकळी केली, म्हणजे धुराडं हवा तिथून ओढेल आणि भट्टीतून कमी.  बाईंनी खडूची रेघसुद्धा पुसली.

दुपारनंतर विटांमध्ये आत डोकवायला ठेवलेल्या भोकातून ज्वाळा बाहेर यायला लागली. आळशी, धुरकट, नारिंगी जीभ. मला तिला पाहून इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. विषारी वायू साठू नये म्हणून गॅरेजचं मोठं दार सताड उघडं ठेवावं लागतं. त्यामुळे तोंड भाजत होतं आणि पाठ गोठत होती. नवरा आल्याचा चहा आणि थालीपीठ घेऊन आला, ज्वाळेकडे बघून म्हणाला, "बरी आहे का हिची तब्येत?" आणि पटकन घरी पळाला.

भट्टी थंड झाल्यावर बाईंनी विटा काढल्या. पहिला वाडगा हातात घेतला, खिडकीपाशी नेला आणि डबीतला तुकडा काढून त्याच्या तळाशी ठेवला. तुकडा दिसेनासा झाला. फक्त त्याची मोडकी कड दिसत होती, बाकी वाडगा कुठे आणि तो कुठे, सांगता येत नव्हतं.

मी टाळी वाजवली. माझ्या नोकरीत मोठमोठी कामं झाली, पण अशी टाळी मी कधी वाजवली नव्हती. बाई माझ्यासमोर कमरेतून वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मग त्यांनी वाडगा फळीवर ठेवला, हात पुसले आणि विचारलं, "तुमच्याकडचा तो पिवळा वाडगा कसा आहे?"

"आहे. त्यात दही लावतो आम्ही," मी म्हटलं, आणि मला ते लागलं. अहो, समोर काय ठेवलंय आणि विचारताय काय?

मार्चअखेर घर आवरायला सुरुवात झाली. मुलीच्या काँडोत एका भांड्यापुरती फळी मोकळी होणार होती, त्याहून जास्त जागा नव्हती. बाकीची भांडी बाईंनी इकडे तिकडे वाटून टाकली. कुठलं एक जाणार, हे मला विचारायची गरज वाटली नाही. मी हिरव्या वाडग्याच्या मापाचा खोका शोधला, त्यात बबलरॅप बसवला आणि बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. माझी त्या दिवसांत एकच इच्छा होती, की तो वाडगा बाईंबरोबर जावा. रोज तिथे, त्या उंच इमारतीत, त्यांनी तो पाहावा, आणि आपण जिंकलो हे त्यांना आठवावं. 'आपण' हा शब्द मला महत्त्वाचा वाटत होता.

निघायच्या आदल्या दिवशी पाळी आमची होती. नवऱ्याने प्रवासासाठी लाडू केले, पिवळ्या वाडग्यात भरले आणि आम्ही दोघं द्यायला गेलो.

मी म्हटलं, "लाडू डब्यात काढून घ्या. वाडगा राहू द्या आमच्याकडे, तो कुठे नेताय?"

बाईंनी वाडगा दोन्ही हातांत घेतला. "हा मी तुम्हालाच दिला होता," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवशी. तुम्ही परत आणून दिलात. मला वाटलं, आवडला नाही."

नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मग तुम्ही पुन्हा का आणलात?"

"तुम्ही त्यात लाडू घातले होते. ते खाल्ल्यावर तो द्यायलाच हवा, असं वाटलं. आणि माझी आई भांडं रिकामं परत पाठवत नसे."

आधी नवरा हसायला लागला, मग मी, आणि मग बाई तोंडावर हात धरून. म्हणजे सबंध हिवाळाभर एक नगरची आणि एक जपानची, अशा दोन दिवंगत म्हाताऱ्या आम्हाला बर्फातून या दारातून त्या दारात पळवत होत्या. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "आईला हे सांगायला हवं होतं."

"बरं झालं, उलगडा झाला," मी म्हटलं. "आता हा आमचा. हिरव्याचा खोका मी बंद करते."

"हिरवा नाही," बाई म्हणाल्या. "मी हा नेणार. तुमची परवानगी असेल तर."

मला आधी वाटलं, त्या आमचं मन राखतायत. मी त्यांना समजावून सांगितलं की त्याची गरज नाही. तेव्हा त्यांनी मला समजावलं, तशाच कमी शब्दांत. त्या जुन्या चिनी भट्ट्यांतून कधी कधी हवा शिरून पिवळी भांडीही निघाली होती. त्यातली फार थोडी उरली. जपानमध्ये त्यांना तांदळाच्या रंगाची म्हणतात, आणि आता काही कुंभार तो रंग मुद्दाम करतात. बाईंच्या गुरूंना तो मान्य नव्हता. त्यांना एकच रंग मान्य होता, म्हणून बाई इतकी वर्षं दुसरे सगळे फोडत आल्या. हा एकच त्यांच्याने फोडवला नव्हता.

"हिरवा तुकड्यासारखा आला. तुमच्यामुळे आला. मी गुरूंचं देणं दिलं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पिवळ्या वाडग्याच्या आत अंगठा फिरवला, त्या हळदीच्या रेघांवरून. "पण तो अजून कुणाच्या घरी गेलेला नाही. हा जेवलेला आहे."

मला राग आला. अगदी खराखुरा राग. मी घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, "काय बाई आहे. बरोबर आलेलं ठेवून चुकलेलं घेऊन चाललीय." नवरा म्हणाला, "चुकलेलं तू म्हणतेस." मग तो कणीक भिजवायला गेला. मला वाद घालायचा होता आणि घालायला कुणी उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंची मुलगी त्यांना घेऊन गेली. आम्ही खिडकीतून हात हलवला. गाडी वळल्यावर नवरा पेपर आणायला बाहेर गेला आणि पोर्चवरूनच मला हाक मारली. पायरीवर हिरवा वाडगा ठेवलेला होता. आत कापसाचा पुंजका आणि त्यावर तो तुकडा.

मी तिथेच पायरीवर बसले. थंडी होती, तरी बसले. ज्या तुकड्याला लावून बाईंनी आयुष्यभर एकेक भांडं पारखलं आणि फोडलं, तो त्या माझ्यापाशी ठेवून गेल्या होत्या. आणि वाडगा रिकामा द्यायचा नाही म्हणून तो त्यात घातला होता. मी रडले. नवरा शेजारी बसला आणि म्हणाला, "आता यात काय घालून परत द्यायचं?"

"लाडवांनी भागायचं नाही," मी म्हटलं. 

शेजारचं घर घेणाऱ्यांना गॅरेजात गाडी हवी होती, भट्टी नको होती. माझ्या जुन्या कारखान्यातले दोघं फोर्कलिफ्ट घेऊन आले आणि भट्टी गल्लीतून आमच्या गॅरेजात आली. गॅसची लाइन रीतसर लायसन्सवाल्याकडून घेतली. नवऱ्याची गाडी तेव्हापासून बाहेर असते. गेला हिवाळाभर तो रोज सकाळी, इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर लावलेला तिचा ब्लॉक हीटर काढताना माझ्या नावाने काहीतरी पुटपुटे, मला ते स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येई. मी एका संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. चाकावर माती बसवायला मला इतका वेळ लागला की पोलाद मला एकदम सोपं वाटायला लागलं. पण मी सोडणारी नव्हे. भट्टीतलं मला कळतंच होतं, भांड्यांतलंही कळायला लागलं, थोडं थोडं.

हिरवे पेले मला दुसऱ्याच खेपेला जमले. तुकड्याशी लावून पाहिले, चांगले जुळले. ते मी फळीवर ठेवून दिले.

परवाच्या खेपेला मी पुन्हा उदबत्ती घेऊन दारापाशी बसले. सगळे सांधे लिंपलेले होते. धूर सरळ वर जात होता, कुठेही ओढला जात नव्हता. नोकरीत असते तर सही करून पुढे गेले असते. मी खालच्या कोपऱ्यातली माती बोटाने खरवडली, बोटभर फट केली, आणि धूर आत शिरेपर्यंत उदबत्ती तिथे धरून ठेवली.

उद्या आम्ही टोरांटोला निघालोय. हिरवा वाडगा मी हातातल्या बॅगेत घेणार, मांडीवर. त्यात एक पेला आहे, थोडा वाकडा. आज सकाळी बांधायच्या आधी नवऱ्याने तो हातात घेतला, खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला. पेजेसारखा पिवळट रंग, वर बारीक भेगांची जाळी.

"अगं, हा फसला की. हवा गेली आत."

"गेली नाही," मी म्हटलं. "मी सोडली."